क्युबेकची गाणी आणि भिकूचे सेल

१० जून १९७९, रविवार

उशिराबद्दल माफी असावी. डायरी जानेवारीपासून सुरू होते आणि मी जूनमध्ये लिहायला बसतो आहे. दोष माझा नाही. मुलाने, जयवंतने, ती मे महिन्यात आणून दिली. मॉन्ट्रियलला त्याच्या कंपनीत वाटतात. पुठ्ठा जाड. म्हणाला, आबा, रोज चार ओळी लिहीत जावा, डोकं ताजं राहतंय. गेल्या रविवारी तो परत गेला. तेव्हापासून काय लिहावं याचा विचार करत होतो. विचार करणं हे लिहिण्यापेक्षा अवघड काम आहे.

वहीला माणूस माहीत असावा म्हणून: कुशाबा, मुक्काम मुठे, तालुका मुळशी. चौथी पास. पुण्यात एका शाळेत तीस वर्षं शिपाई. घंटा मी दिली. पितळी, जड, डाव्या कानापासून हातभर अंतरावर टांगलेली. तेव्हा कानाच्या बाबतीत मला कोणी शिकवू नये.

डायरीत शुद्ध लिहायचं. बोलणं घरचं, लिहिणं पुण्याचं. शाळेत मी न्हाई म्हटलं की मास्तरांच्या खोलीत हशा व्हायचा. एक मास्तर तर पाहुणे आले की मला मुद्दाम हाक मारायचे. कुशाबा, चहा आहे का रे? मी म्हणायचो, हाय. पाहुणे खूष. मीही हसायचो. काय करणार.

जयवंतचा करार डिसेंबरात संपतो. पिंपरीच्या एका कारखान्याचं त्याला बोलावणं आहे आणि तिकडचे लोकही सोडायला तयार नाहीत. म्हणाला, ऑगस्टमध्ये फोन करून तुम्हालाच विचारीन. तुम्ही ये म्हणालात तर येईन. यात विचारायचं काय? येणार. त्याच्या आईने, भीमाबाईने, कोनाड्यातली त्याची लहानपणीची टोपी धुऊन ठेवली. तिशी ओलांडलेल्या माणसाची टोपी!

१२ जून

जयवंत एक टेप आणि तीन कॅसेटी ठेवून गेला आहे. गाणी क्युबेकची. क्युबेक हा कॅनडातला मुलूख, पण तिथे फ्रेंच बोलतात. गाण्याचा प्रकार प्रोग्रेसिव्ह फोक. म्हणजे लोकगीतच, पण पुढारलेलं.

आज पहिली कॅसेट मन लावून ऐकली. आधी लांबून बासरी येते. नदीपलीकडच्या रानात कोणी गुरं घेऊन बसलाय आणि त्याला घरी जायची घाई नाही, अशी. मग बारा तारांची गिटार. मग पाच-सहा जण एकदम गळा लावतात, भाताच्या लावणीला वाकलेल्या बायका लावतात तसा. आणि मधेच गाणं रस्ता सोडतं. ताल बदलतो, शब्द थांबतात, नुसती वाद्यं भटकतात. भटकत भटकत पुन्हा त्याच बासरीपाशी. हेच ते प्रोग्रेसिव्ह. भीमाबाईने विचारलं, येवढा येळ गानं कुटं गेलं व्हतं? मी म्हटलं, गेलं व्हतं, आलं न्हवं परत? ती म्हणाली, मग बरं हाय, आपला जयवंत बी असाच यील.

दुसऱ्या कॅसेटीत एक माणूस खुर्चीत बसून दोन्ही पायांनी फळीवर ताल धरतो. ढोलकी नाही, काही नाही. जयवंत म्हणाला, त्यांच्या खेड्यांत ही पद्धतच आहे.

माझ्या अंगावर काटा आला. खोटं लिहीत नाही.

१७ जून, रविवार

खरी गोष्ट लिहायची राहिली. हेल.

जयवंतने जाण्याआधी सांगितलं, आबा, पॅरिसचे लोक या लोकांना हसतात. पॅरिसवाला मी म्हणायचं तर म्वा म्हणतो. हे लोक म्वे म्हणतात. पॅरिसवाला इथे म्हणायला इसी म्हणतो, हे इसित. आहे आणि हाय यांच्यात जो फरक, तोच. पूर्वी यांनाही लाज वाटायची. आता त्यांनी गिटार घेतली आणि त्याच बोलीत गाणी म्हटली. हॉल भरतात.

हे ऐकल्यापासून मला झोप नाही. म्हणजे आमचे मास्तर पॅरिसचे होते तर!

ठराव: रोज दहा फ्रेंच शब्द. हेलासकट. डिसेंबरात जयवंत उतरला की एस.टी. स्टँडवरच त्याच्याशी म्वे-इसितमध्ये बोलायचं.

दुसरा ठराव: धम्मचक्र प्रवर्तन दिनाला, वंदनेनंतर, समाजमंदिरात या गाण्यांचा जाहीर कार्यक्रम. आधी मी विषय समजावून सांगणार.

भिकूला सांगितलं. भिकू म्हणजे फाट्यावरचा दुकानदार, लहानपणापासूनचा मित्र, त्याला कशाचंच कौतुक नाही. म्हणाला, कुशा, तुला मराठीतलं सांगितल्यालं कळत न्हाई, फ्रेंच काय कळनार? मी म्हटलं, फ्रेंचमदलं न कळल्याली मज्जा येगळी. त्याने विडी पेटवली.

२ जुलै

पाऊस. दोन दिवसांपासून टेपचा आवाज उतरला आहे. बासरी येतच नाही. गिटार येते, पण घोंगडीतून आल्यासारखी. भिकूने जुने सेल दिले. फाट्यावर जाऊन त्याला सुनावलं. त्याने तेच सेल स्वतःच्या टॉर्चमध्ये घातले आणि टॉर्च माझ्या तोंडावर मारला. लख्ख. म्हणाला, ह्ये बग, म्येल्याला सेल हाय व्हय ह्यो? मी म्हटलं, उजेडाला लागतात त्ये सेल येगळे आन् गान्याला लागतात त्ये येगळे. त्याने सेल काढून माझ्या हातात दिले. देताना माझ्या कानाकडे बघितलं.

सेल उन्हात ठेवले की पुन्हा चालतात. ऊन नाही. चुलीच्या कडेला ठेवले. भीमाबाईने चिमट्याने उचलून अंगणात फेकले आणि काहीतरी बोलली. हल्ली ती तोंडातल्या तोंडात बोलते.

एक गोष्ट. या वर्षी बेडूक नाहीत. एवढा पाऊस आणि एकही बेडूक नाही. रोगराई असावी.

१० जुलै

नवे सेल. पुण्याचे. फरक नाही. म्हणजे दोष कॅसेटीत. किंवा कदाचित हा दोषच नाही! विचार केल्यावर लक्षात आलं: जयवंत म्हणाला होता, प्रोग्रेसिव्ह गाण्यात शांततेलाही महत्त्व असतं. पहिल्यांदा ऐकताना कान कच्चा असतो, सगळं ऐकू येतं. आता कान तयार झाला, त्याला शांतता ऐकू यायला लागली.

समाधान वाटलं. चहा दोनदा घेतला. चहा कमी करण्याचा ठराव पुढच्या महिन्यापासून.

१५ जुलै, रविवार

गोजराबाई भांडायला आली. शेजारीण. तिचा आवाज आधी शिवारभर जायचा. आता वयोमानाने बसलेला दिसतो, तोंड मात्र तेवढंच उघडतं. जवळ येऊन बोलली तेव्हा कळलं. म्हणाली, दाजी, त्यो डबा बारीक करा, माजी खुडूक कोंबडी अंड्यावरनं उटून पळाली. मी म्हटलं, माझा टेप मलाच जेमतेम ऐकू येतो. तिने भीमाबाईकडे पाहिलं. भीमाबाईने खाली पाहिलं. मग दोघी बाहेर ओसरीवर बराच वेळ बसल्या.

क्युबेकच्या लोकांनाही असाच विरोध झाला असणार.

२९ जुलै

भीमाबाई प्रौढशिक्षणाच्या वर्गाला जाऊ लागली आहे. साठीला पाटी-पेन्सिल! मी फक्त हसलो. घरात एक चौथी पास माणूस असताना दुसऱ्याने काय शिकायचं? गोजराबाई तिच्यासोबत जाते. ग, गवताचा करतात. भीमाबाई माझ्याकडे बघून जोर लावून गिरवते. पाटी फोडील.

काल तिने गरम करून लसणाचं तेल माझ्या कानात घातलं. मी मागितलं नव्हतं. तिच्या समाधानासाठी घालू दिलं. पौडाच्या सरकारी दवाखान्यात जाऊ या अशी खूण केली. मी म्हटलं, डॉक्टर काय सांगणार? तीस वर्षं ज्याने शाळा भरवली आणि सोडली, त्याचा कान बघणार?

गावातली कुत्री सुधारली आहेत. पारावरून जातो, उठतात, तोंड उघडतात, पण भुंकत नाहीत.

१९ ऑगस्ट, रविवार. मुक्काम पुणे, संध्याकाळ.

आज जयवंतचा फोन होता. फोन साहेबरावच्या चाळीखाली छापखान्यात. साहेबराव म्हणजे भीमाबाईचा भाऊ, बँकेत कारकून. जयवंतने पत्रात आजचा दिवस कळवला होता.

सकाळीच अपशकुन. मी शकुन मानत नाही, पण झाला. एस.टी. गावात आली नाही म्हणून फाट्याकडे चालत निघालो. मी पुढे, भीमाबाई मागे. ओढ्याच्या फरशीवरून पाणी चाललं होतं. पाणी गप्प. खळखळ नाही, आवाज नाही. जे पाणी आवाज करत नाही ते पोटरीएवढं असतं हे कोणालाही माहीत आहे. मी पाय टाकला. तेवढ्यात मागून कोणीतरी कॉलर धरून मला चिखलात उलटं पाडलं. भिकू! त्याचं तोंड वासलेलं, गळ्याच्या शिरा ताणलेल्या. भीमाबाई रडत होती. पलीकडच्या काठावर चार माणसं हात हलवत होती. मला वाटलं होतं, निरोप देताहेत. एक अख्खं झाड फरशीवरून वाहत गेलं. तेही गप्प.

भिकूने माझा पुण्याला जायचा सदरा खराब केला. वरच्या साकवावरून फेरा घालून गेलो.

फोन आला. छापखान्यावाल्याने मला बोटाने खुणावलं. मी रिसीव्हर कानाला लावला. समुद्र. जयवंतने सांगितलं होतं, फोनची तार समुद्राच्या तळातून येते. ते आज पटलं. नुसता समुद्र ऐकू येत होता. मधूनमधून त्यात काहीतरी बुडत होतं, वर येत होतं. तो जयवंत असणार.

काय करायचं? बापाने मुलाला काय बोललास रे, काय बोललास रे असं विचारत बसायचं, छापखान्यातल्या लोकांसमोर? फोनला पैसे पडतात. मी आवाज मोठा आणि आनंदी ठेवला. म्हटलं, व्हय. चालंल. आरं चालंल की, बेस झालं. तसंच कर. साहेबरावने दोनदा हात पुढे केला, भीमाबाईने पदर सावरून तोंड पुढे आणलं. मी दिला नाही. तारेतला माणूस मोजकाच वेळ असतो, आणि तो वाक्याच्या मधे होता. मग समुद्रही थांबला.

भीमाबाईने विचारलं काय. मी सांगितलं, येतोय. डिसेंबरात. आणि नवी गाणी पाठवतोय.

दुसरं काय बोलणार तो?

समुद्र अजून कानात आहे. उतरेल.

२ सप्टेंबर

गावाला सांगून झालं. जयवंत येतोय. घराला चुना दिला. पुढच्या खोलीला खिडकी पाडून घ्यायची, पिंपरीहून थकून येईल तर वारा पाहिजे. भीमाबाईने नव्या गोधडीला टाके घालायला घेतले. तिच्या तोंडावर किती दिवसांनी हसू दिसलं. मी सांगितलेल्या बातमीमुळे.

फ्रेंचचे शब्द एकूण दोन झाले. म्वे आणि इसित. पण पक्के.

९ सप्टेंबर

मोठा शोध. टेपच्या जाळीवर तळवा ठेवला तर गाणं तळव्यातून येतं. दुसरी कॅसेट लावली. फळीवर पाय आपटणारा माणूस थेट हातात चालत आला. मग गिटार, मुंग्यांसारखी. कोरस आला की मनगटापर्यंत. डोळे मिटून बराच वेळ बसलो. बासरी कुठे यायची ती जागा मला पाठ आहे, तिथे मी ती मनात वाजवली. खरं सांगायचं तर इतकं सुंदर ऐकणं मला कधी जमलं नव्हतं.

डोळे उघडले तर दारात भीमाबाई. हातातली पाटी छातीशी धरून. काही बोलली नाही. म्हणजे, बोलली असेल.

७ ऑक्टोबर, रविवार

पार्सल आलं! साहेबरावने एस.टी.च्या कंडक्टरबरोबर पाठवलं. नवी कॅसेट. वर चित्र नाही, फक्त जयवंतच्या अक्षरात: आबा-आईस. म्हणजे गाणी आम्हाला अर्पण केली आहेत. सांगितलंच होतं मी, नवी गाणी पाठवतोय म्हणून.

भीमाबाई वर्गाला गेली होती. लगेच लावली, तळवा ठेवला. अत्यंत प्रोग्रेसिव्ह! वाद्यं काढूनच टाकली आहेत. ताल नाही, फळी नाही, कोरस नाही. नुसता एका माणसाचा गळा. मधे मधे थांबतो, पुन्हा सुरू होतो. एके ठिकाणी तर बराच वेळ थांबला. मला वाटलं सेल गेले, तर पुन्हा आला, जास्त थरथरत. हे गाणं समजायला तयारी लागेल. गावाला झेपेल का?

पण आता माघार नाही. १४ तारखेला हीच कॅसेट लावायची. एकदम नवी, आणि आमच्या मुलाने पाठवलेली. तोवर कोणाला ऐकवायची नाही, भीमाबाईलाही नाही. नवलाई जाते. पेटीत कुलपात ठेवली.

१४ ऑक्टोबर, रविवार. रात्री जेवण्याआधी.

कार्यक्रम झाला. अपेक्षेपेक्षा जास्त परिणाम झाला. लिहून ठेवतो.

वंदना झाली. समाजमंदिर भरलं होतं. वरच्या आळीतून भिकूही येऊन दाराशी बसला. मी उभा राहून विषय सांगितला: क्युबेक, प्रोग्रेसिव्ह फोक, पॅरिसवाले, म्वे आणि इसित. म्हटलं, आपल्या बोलीची लाज धरू नका, हेच ही गाणी शिकवतात. टाळ्या पडल्या, हात दिसले. मग कॅसेट लावली, व्हॉल्यूम पूर्ण, आणि जाळीवर तळवा ठेवून बाजूला बसलो.

सुरुवातीला माणसं एकमेकांकडे बघू लागली. नव्या संगीताचं असंच होतं. मी मान डोलावून त्यांना वाट दाखवली. गळा थांबला तिथे मी हात वर करून थांबलो, पुन्हा आला तिथे वा म्हटलं. मग सगळं समाजमंदिर स्थिर झालं. कोणी हलेना. गोजराबाईने पदर तोंडाला लावला. भीमाबाई पहिल्या रांगेत होती. ती उठली, टेपजवळ आली, आणि गुडघ्यांवर बसून जाळीला कान लावला. मी तिच्या पाठीवर हात ठेवला. तिची पाठ आणि टेप एकाच तालात हलत होती.

बाईला गाणं कळलं! चार महिने मी समजावतो आहे.

मधे मी टेप थांबवून सांगितलं, आयकलं का? ह्यो मानूस बी आपल्यावानीच हाय म्हनतोय. शहरात गेला, पर बोली सोडली न्हाई. हे माझं वाक्य लोकांच्या मनाला लागलं असावं. कारण काही बायांनी डोळे पुसले. भिकू उठून बाहेर गेला.

शेवटी टाळ्या झाल्या नाहीत. मोठ्या संगीतानंतर होत नाहीत.

चहाला कोणी थांबलं नाही. एकेक जण येऊन माझ्या खांद्यावर हात ठेवून गेला. सत्कार म्हणून पद्धत जरा वेगळी वाटली.

१५ ऑक्टोबर

भीमाबाई उठली नाही. स्वैपाक गोजराबाईने आणून दिला. अर्धवट शिवलेली गोधडी घडी करून पेटीवर ठेवलेली. मी विचारलं, ताप हाय का? मान हलवली. कुठल्या बाजूला ते कळलं नाही.

पारावर गेलो तर बोलणं थांबलं. म्हणजे तोंडं थांबली. कालच्या कार्यक्रमाबद्दल एक अक्षर नाही. हेवा वाईट. गवंड्याला खिडकीचं विचारायला गेलो, त्याने हात जोडले. भिकूच्या दुकानात सेल मागितले, त्याने चार कोरे सेल काढून दिले आणि पैसे घेतले नाहीत. भिकूने!  भिकू कोणी मेल्याशिवाय फुकट काही देत नाही.

१७ ऑक्टोबर, दुपार

भीमाबाई उठली. तोंड धुतलं, पाटी घेतली आणि माझ्यासमोर बसली. माझ्या हातातला टेप काढून बाजूला ठेवला. मग लिहायला लागली. एकेक अक्षर जोर लावून, जीभ दातात धरून. मला वाटलं, धडा दाखवते आहे. मी पेन्सिल कशी धरावी ते सांगणार होतो.

तिने पाटी फिरवली.

ते गानं न्हवतं. जयवंत बोलत व्हता.

मी वाचलं. पुन्हा वाचलं. तिने पदराने पुसलं आणि लिहिलं. तिला वेळ लागत होता आणि मी थांबलो होतो, कॅसेट थांबायची तिथे मी थांबत होतो तसा.

फोनवर त्यानं इचारलं यीऊ का ऱ्हाऊ. तितं ऱ्हायलो तर चालंल का.

पुसलं.

तुमी चालंल म्हनला. बेस झालं म्हनला.

पुसलं.

तुमी खुशीत म्हनला म्हनून त्यानं सही क्येली. आता तितंच.

मी म्हटलं, फोनमध्ये समुद्र होता. मी म्हटलं, भिकूचे सेल. फोनला सेल नसतात हे माझं मलाच आठवलं. ती ऐकत होती. तिच्या ओठांकडे बघितलं, ओठ मिटलेले. मग तिने पाटीचा कोपरा पुसून, उरलेल्या जागेत बारीक लिहिलं:

तुमाला ऐकू येत न्हाई वो.

येत न्हाई पुढचं वो तिला कोणी शिकवलं नसेल. पुस्तकात तसं नाही.

 मग मी एकच विचारलं. जयवंत आहे म्हणाला की हाय? तिला प्रश्न कळला. तिने अख्खी पाटी पुसली आणि मधोमध लिहिलं.

हाय.

१८ ऑक्टोबर, सकाळ

भीमाबाई बाहेर गेल्यावर ती कॅसेट लावली आणि तळवा ठेवला. तो कुठे थांबतो, कुठे थरथरतो, सगळं आता माहीत आहे. मोठा थांबा येतो तिथे तो काय म्हणाला असेल, हे भीमाबाईला विचारायचं धाडस झालं नाही. तेवढं तिचं राहू दे. हात काढला नाही. कॅसेट संपल्यावरही टेप जरा ऊबदार होता.

जयवंतला पत्र लिहायचं आहे. इथे कच्चं लिहितो, मग कागदावर उतरवीन.

चि. जयवंतास, जयभीम. तुझी कॅसेट पोचली. गाणी अजून ऐकतो, फळीवाला माणूस रोज हातात येतो. माझी तब्येत ठणठणीत आहे. फक्त त्या दिवशी फोनच्या लाइनीत जरा बिघाड होता, त्यामुळे मी जे बोललो ते दुसऱ्याच कशाला तरी बोललो असं समज. तिकडे सही एकदा केली की खोडता येते का? खोडता येत नसेल तर तसं कळव. येत असेल तर त्याआधी कळव. खिडकीची जागा भिंतीवर खुणेने आखून ठेवली आहे, गवंडी तयार आहे.

यापुढे कॅसेट पाठवू नकोस. इकडे दमट हवेत टिकत नाहीत. फोनही नको. कागदावर लिही. मराठीत, आपल्या मराठीत. शुद्ध लिहायला जाऊ नकोस. तुझी आई आता वाचते. अक्षर बारीक असलं तरी चालेल

चालेल खोडलं. हा शब्द आता जपून वापरायचा.

अक्षर कसंही काढ. दोन ओळी लिही, एक लिही. पण लवकर लिही, बाबा. वाट बघतोय.